केराटिन ९ ने पकडून दिलं

सकाळी त्वचेच्या नमुन्यांतली जनुकं किती सक्रिय आहेत याचा आलेख बघितला आणि हरखूनच गेले. सोरायसिस या त्वचारोगाच्या नमुन्यांचे ठिपके एकीकडे, निरोगी त्वचेचे दुसरीकडे, मध्ये मोकळं मैदान. इतकं सरळ कधी नसतं, हे माहीत असूनही!

मग दोन्हींत फरक दाखवणाऱ्या जनुकांची यादी उघडली. सुमारे २०,००० जनुकं तपासताना ०.०५ची, म्हणजे फरक नसतानाही शंभरात पाच वेळा चुकू देणारी, साधी चाळण लावली, तर निव्वळ योगायोगानेच हजारेक 'महत्त्वाची' ठरू शकतात. म्हणून असे खोटे निकाल आटोक्यात ठेवणारी बेंजामिनी-हॉकबर्ग ही सांख्यिकी दुरुस्ती आधीच करून ठेवली होती. ऐटीत वाचायला घेतलं. पहिलंच नाव: केआरटी९, म्हणजे केराटिन ९ या प्रथिनाचं जनुक.

झालं. केराटिन ९ बनतं मुख्यतः तळहात-तळपायांच्या जाड त्वचेत. पाठीवर, कोपरावर जवळपास नाहीच. म्हणजे मी आजार मोजतच नव्हते, तळहात आणि पाठ यांतला फरक मोजत होते! नमुन्यांच्या तक्त्यात 'शरीराचा भाग' हा रकाना कोरा होता, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. दुरुस्तीने योगायोग गाळला जातो, गाढवपणा नाही.

दुपार फोनाफोनीत आणि जुन्या नोंदी चाळण्यात गेली. तळहाताचे नमुने बाजूला काढले. एकाच माणसाची आजारी आणि निरोगी त्वचा, शरीराचा भागही तोच, अशा जोड्या लावून सगळं पुन्हा चालवलं. आता वर आली सोरायसिसमधली ओळखीची मंडळी: केराटिन १६, आणि एस१००ए७, ज्याच्या प्रथिनाचं नावच सोरायसिन.

आलेख मात्र सकाळइतका देखणा राहिला नाही. आणि जोड्या उरल्यात फक्त नऊ. उद्या हे सरांना सांगायचंय.