‘सिद्धार्थ’ची बांधणी: लाटा गेल्या, आता जुजबंदी

मंडळी, लाटा गेल्या! सुटी पानं टिश्यूच्या पट्टीने दोन-दोन जोडताना खळीच्या ओलाव्याने कागदावर लाटा येत होत्या. या खेपेला वजनाखालून काढलेल्या पहिल्या जोड्या रात्रभर घरातच उघड्या ठेवल्या होत्या. बाहेर पावसाची झड, घरात मीठसुद्धा ओलं झालेलं, आणि सकाळी पानं सपाट. मागची नोंद ज्यांनी वाचली आहे त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

मध्येच आलेल्यांसाठी थोडक्यात: एरंडवण्यातल्या एका वाचनगटाची, जर्मन लेखक हेरमान हेसेच्या ‘सिद्धार्थ’ कादंबरीची प्रत माझ्याकडे बांधणीला आहे. (यातला सिद्धार्थ म्हणजे बुद्ध नव्हे, बुद्धाच्या काळातला एक ब्राह्मणाचा मुलगा.) हिल्डा रोझनरचं इंग्रजी भाषांतर, स्वस्तातली पेपरबॅक, परफेक्ट बाइंडिंग (पानं न शिवता कण्यावर नुसती गोंदाने चिकटवलेली), 76 पानं म्हणजे 152 पृष्ठं. कण्यावरचा हॉटमेल्ट, म्हणजे वितळवून लावलेला गोंद, कडक होऊन तडकलाय आणि पानं सुटी झाली आहेत. नवी प्रत कुठेही मिळते, मग याच प्रतीवर एवढी मेहनत का, असं तुमच्यातल्या काहींनी विचारलं होतं. त्याचं कारण समासात आहे.

या प्रतीत निदान पाचसहा हातांच्या खुणा आहेत. पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा, एका जागी हिरवी शाई, आणि एक हात असा की तो रेघेशेजारी साल घालतो. मला विचार करता येतो, वाट बघता येते, उपाशी राहता येतं, असं सिद्धार्थ सांगतो, तिथे दोघांनी खूण केली आहे आणि दोन्ही रेघा तरण्या वाटतात, दाबून ओढलेल्या. साल घालणाऱ्या हाताने 1998 मध्ये खूण केली ती गोतमाच्या भेटीजवळ: बुद्ध समोर असताना, त्याच्याबद्दल मनात कसलीही शंका नसताना, सिद्धार्थ ‘तुमची शिकवण मी घेणार नाही’ म्हणून निघतो तिथे. त्याच हाताची 2016 ची खूण पार दुसरीकडे आहे: सिद्धार्थाचा मुलगा बापावर चिडून होडी घेऊन पळतो, त्या दहाव्या प्रकरणात. एकच माणूस, एकच पुस्तक, पण थांबायची जागा बदलली. नवी प्रत आणली तर हे सगळं जाईल.

तर मूळ दुखणं.

सुट्या पानांची जुजबंदी (पानांचे गट करून शिवलेली बांधणी) करायची तर आधी दोन-दोन पानं मधे जपानी टिश्यूची (पातळ पण चिवट कागदाची) पट्टी लावून जोडायची, मग त्या जोड्या एकात एक घालून त्यांचे फर्मे, म्हणजे शिवायचे गट, करायचे, मग शिवायचं. हे आपल्याला नवीन नाही. पण या प्रतीचा कागद आडव्या ग्रेनचा निघाला. ग्रेन म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा; ओला कागद तिच्या आडव्या बाजूला फुगतो. ग्रेन कण्याला समांतर असेल तर खळीचा ओलावा लागल्यावर पान रुंदीत फुगतं, आणि रुंदीत फुगायला त्याला मोकळी बाजू असते. इथे ग्रेन कण्याला काटकोनात, म्हणून पान कण्याच्या लांबीत फुगू पाहतं आणि पट्टी त्याला तिथेच धरून ठेवते. मग ते जाणार कुठे? कण्यालगत भाजलेल्या पापडासारखं वर येतं. छापणाऱ्याने कागद वाचवायला ताव आडवा लावला असणार. स्वस्त आवृत्त्यांत हे सर्रास होतं. शेवटी जाहिरातींची दोन पानं होती, सगळे प्रयोग त्यांच्यावर केले, मजकुराच्या पानाला हात लावला नाही.

खळ घट्ट केली, लाटा. खळ पातळ करून पट्टीला लावली आणि टिपकागदात दाबली, लाटा थोड्या कमी, पण वजन काढल्यावर दुपारपर्यंत परत. टिपकागद बदलत राहिले, तरी पावसाळी हवेत टिपकागदच ओले. सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदात पाणी कमी असतं म्हणून एका जोडीला तोही लावून पाहिला. पान सपाट राहिलं खरं, पण पट्टी इतकी ताठ झाली की घडीवर पुस्तक उघडेना. शिवाय पुढे कधी कुणाला ही बांधणी सोडवावी लागली तर तो गोंद निघत नाही. खळ निघते. माझं मत पक्कं आहे: दुसऱ्याच्या पुस्तकाला, आणि तेही समासात माणसं असलेल्या पुस्तकाला, न सुटणारा गोंद लावू नये.

पेठेतल्या एका जुन्या बाइंडरांना जोडी दाखवली. ते म्हणाले, “ताई, कशाला त्रास? बाजूने भोकं पाडा, तीन टाके घाला, पन्नास वर्षं हलणार नाही.” खरंच हलणार नाही. ग्रंथालयांची किती पुस्तकं त्या शिलाईवर तगली आहेत, त्यांच्या हाताबद्दल आदरच आहे. पण ती शिलाई आतला समास खाते. या पेपरबॅकचा आतला समास मुळात जेमतेम, आणि 1998 ची रेघ आतल्याच समासात आहे. टाके घातले की ती कायमची कण्यात गेली. पुस्तक दोन्ही हातांनी दाबून धरावं लागतं, सोडलं की मिटतं. कादंबरी एका बैठकीत संपवायची असेल तर चालेल तसं. हे पुस्तक तसं वाचलं जात नाही.

सुटका झाली ती कोरड्या पट्टीने. काचेवर पॉलिएस्टरचं पातळ कापड पसरायचं, त्यावर मैद्याच्या गाळलेल्या खळीत थोडं मेथिल सेल्युलोज (पाण्यात विरघळणारी चिकट पूड) मिसळून त्याचा हात फिरवायचा, वर टिश्यू अलगद सोडायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. मग पट्ट्या कापायच्या. लावताना जवळजवळ कोरडा ब्रश फिरवायचा, पट्टी चिकट होईल इतकाच, आणि लगेच बोन फोल्डरने (घडी दाबायच्या गुळगुळीत पट्टीने) दाबून टिपकागदात. पानाला पाणी जवळपास मिळतच नाही, म्हणून ते फुगत नाही. कागदाचे जाणकार हे फार पूर्वीपासून करत आले आहेत, पण पुण्याच्या पावसात, पंख्याखाली, स्वयंपाकघराच्या ओट्यावर ते जमलं याचा आनंद काय सांगू! जोडी उचलून उजेडात धरली तेव्हा पट्टी कुठे सुरू होते ते दिसत नव्हतं, बोटालाच काय ती कळत होती.

खळीबद्दल एक विनंती. मोरचूद घालू नका. कीड लागत नाही म्हणून जुने लोक घालत, पण त्यातल्या तांब्याने कागद लवकर कुजतो. खळ ताजी करा, थोडी करा, उरली तर टाका.

आता सुजेचा, म्हणजे कण्याजवळ वाढणाऱ्या जाडीचा हिशेब. 38 जोड्या, प्रत्येक घडीवर टिश्यूचे दोन थर. 9 ग्रॅमचा (चौरस मीटरला 9 ग्रॅम भरणारा) टिश्यू घेतला तर दाबल्यावरसुद्धा कण्याजवळ दोनेक मिलिमीटर जाडी वाढते, आणि पुस्तक जेमतेम आठ मिलिमीटरचं. दोऱ्याची सूज वेगळी. म्हणून 5 ग्रॅमच्या टिश्यूवर आले. हाताळायला भयंकर, श्वास लागला तरी उडतो, पण जाडी खूप उतरली. शिवाय पट्ट्या एकाच रुंदीच्या ठेवल्या नाहीत: फर्म्यातल्या बाहेरच्या जोडीला 8 मिलिमीटर, आत जाताना कमी करत 5. जाडीची कड एकाच रेषेत येत नाही, पायऱ्या पडतात. दोन पानांमध्ये अर्धा मिलिमीटर फट सोडली की घडी नुसत्या टिश्यूवर पडते, जुन्या ठिसूळ कागदाला वाकावं लागत नाही. टिश्यू मागवला होता एका ऑनलाइन विक्रेत्याकडून. त्याने 5 म्हणून पाठवला तो वजन केल्यावर बराच जास्त भरला. तो सोडा. मापाचा घ्या, मोजून घ्या.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. मग गटातले एक काका प्रत बघायला आले आणि बेत बदलला.

काका पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. सुटी पानं बघून आधी घाबरले. मग मी त्यांना 2016 चं पान काढून दिलं. “हे माझंच अक्षर,” म्हणाले. थोडा वेळ वाचत उभेच राहिले. मी म्हटलं, काका, बसा ना. बसले, आणि आपणहून सांगू लागले. त्या वर्षी मुलगा नोकरी सोडून निघाला होता, रोज फोनवर वाद. “मी त्याला रोज तेच समजावायचो गं. आणि इथे हा नावाडी वासुदेव सिद्धार्थाला विचारतो, तुझ्या बापाने तुला अडवलं तेव्हा तू थांबलास का? मी पुस्तक मिटलं ते आठवडाभर उघडलं नाही. मग फोन करत राहिलो, पण सांगायचं बंद केलं, विचारायला लागलो.” मुलगा परत नोकरीला लागला की नाही ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. जाताना म्हणाले, “1998 ला मला हे पुस्तक बंडखोर वाटलं होतं. तेव्हा हे प्रकरण मी भरभर उलटलं असणार, काहीच आठवत नाही त्यातलं.”

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आध्यात्मिक कादंबरीने आयुष्य बदललं असं लोक म्हणतात तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, एका रात्रीत वाचलं आणि सकाळी माणूस वेगळा. या प्रतीच्या समासात तसं कुठेच दिसत नाही. दिसतं ते असं की छोटं पुस्तक परत परत उघडलं जातं, कारण ते परत उघडायला वेळ लागत नाही. दीडशे पानांत एक अख्खं आयुष्य, मुंजीच्या वयापासून म्हातारपणापर्यंत, म्हणून वाचणारा ज्या वयात असेल त्या वयाचं प्रकरण त्याला सापडतंच. हेसे स्वतः यात मधेच अडकला होता. पहिला भाग 1919-20 च्या हिवाळ्यात भराभर झाला. घर सोडणारा, उपास करणारा सिद्धार्थ त्याला लिहिता येत होता. त्यापुढचा माणूस आतून येईना, म्हणून काम दीडेक वर्ष थांबलं आणि पुस्तक 1922 मध्ये आलं. या प्रतीतल्या बहुतेक खुणाही पुढच्याच भागात आहेत, आठ प्रकरणांच्या दुसऱ्या भागात. पहिल्या चार प्रकरणांत मोजक्याच.

गटात सगळ्यांना पटतं असं नाही, हेही लिहायला हवं. हिंजवडीला नोकरी करणारी एक मुलगी मला म्हणाली, “ताई, नदीकाठी बसून ऐकायला वेळ मिळतो तो कुणीतरी मूल सांभाळलेलं असतं म्हणून. कमलाने अकरा वर्षं सांभाळलंच ना?” तिचा मुद्दा बरोबर आहे. कमलेला, म्हणजे सिद्धार्थाच्या मुलाच्या आईला, लेखकाने फार कमी जागा दिली. पण त्या मुलीनेही वासुदेवाच्या पानावर रेघ ओढली आहे, सगळ्यात नवी रेघ तिचीच. दिवसभर मीटिंगमध्ये लोक बोलायची आपली पाळी यायची वाट बघतात, आणि इथे एक अडाणी नावाडी नुसता ऐकतो, असं म्हणाली. राग आणि रेघ दोन्ही एकाच वाचकाचे. बांधणीत दोन्ही टिकले पाहिजेत.

तर बदललेला बेत असा. शिवलेल्या पुस्तकात सगळ्यात सपाट उघडतं ते फर्म्याचं मधलं पान, जिथे दोरा दिसतो. छापखान्यातून आलेल्या फर्म्यात ते मध्य कुठे पडावं हे आपल्या हातात नसतं. इथे फर्मे मीच करते आहे! मग सगळे फर्मे सारखे ठेवायची गरजच काय? नावाड्याच्या प्रकरणात ज्या जागी जुना कणा सगळ्यात आधी फुटला, म्हणजे पुस्तक सगळ्यात जास्त वेळ उघडं राहिलं, ती जागा पृष्ठ 100-101. काकांची रेघ 122-123 वर. दोन्ही जागा फर्म्याच्या मध्यावर आणायच्या.

जुळवाजुळव: आधी 4 जोड्यांचे पाच फर्मे आणि 3 चा एक, झाली 92 पृष्ठं. मग 4 जोड्यांचा फर्मा 93 ते 108, त्याचा मध्य बरोबर 100-101. पुढे 2 जोड्यांचा एक लहान फर्मा 116 पर्यंत, आणि 3 जोड्यांचा 117 ते 128, मध्य 122-123. उरलेल्या सहा जोड्यांचे 3-3 चे दोन. एकूण अकरा. सारखे केले असते तर दहा झाले असते, म्हणजे दोऱ्याचा एकच फेरा वाढला. कागदावर मांडून जमलं तेव्हा मी उठून चहा केला आणि परत येऊन आकडे तपासले. बरोबर आहेत.

पुठ्ठ्याचं कव्हरही रद्द. पुठ्ठा, कापड, सोनेरी अक्षरं अशी मागे ठरवलेली बांधणी या पुस्तकाला जड होईल. हे पुस्तक शबनममध्ये, बसमध्ये, दवाखान्याच्या बाकावर जातं. आता मऊ कव्हर: लक्ष्मी रोडवरून आणलेली जाड खादी, आतून टिश्यूचं अस्तर, आणि शिलाईचे टाके कव्हरमधूनच काढायचे, म्हणजे कण्यावर गोंदाची गरज जवळजवळ नाही. सुरुवातीच्या-शेवटच्या कोऱ्या पानांना शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागद घेतलाय. 1940 पासूनची ही संस्था, आणि तिथला पातळ पांढरा कागद मला अजून कुठे मिळालेला नाही. ग्रेनची कटकटच नाही त्याला.

शेवटी वाचकांसाठी एक कोरा फर्मा जोडावा असं मनात आलं होतं. काका म्हणाले, नको, कोरी पानं दिली की लोक अभिप्राय लिहितात. पटलं. समासच पुरे.

उरलंय ते असं: अकरा जोड्या लावायच्या, मग आठवडाभर शिकंज्यात, मग शिलाई. दोऱ्याचं अजून ठरत नाही. माझ्याकडचा तागाचा दोरा मेण लावून छान चालतो, पण या ठिसूळ कागदाला जाड वाटतो आणि सूज वाढवतो. सुती बारीक दोरा दुहेरी घ्यावा का? 5 ग्रॅमच्या टिश्यूच्या घडीवर कुणी शिवलं असेल तर भोकं दाभणाने पाडली की बारीक सुईने, आणि टाका ओढताना टिश्यू फाटू नये म्हणून आत काही पट्टी ठेवली का, ते कळवा. माझा विचार दर फर्म्याच्या मध्यात हातकागदाची अरुंद पट्टी ठेवायचा आहे, फक्त 100-101 आणि 122-123 सोडून. तिथे पट्टी आली तर आतल्या समासातल्या रेघा झाकल्या जातील.