तीन मिनिटांची झिंझोटी

आज दुपारी लाईट गेली, कामं ठप्प, मग हेडफोन लावून एकच ठुमरी दोन गळ्यांतून ऐकत बसलो. झिंझोटी रागातली 'पिया बिन नाही आवत चैन', आधी जुने गवई अब्दुल करीम खाँसाहेब, मग भीमसेनअण्णा (जोशी).

खाँसाहेबांची तबकडी ७८ आरपीएमची (मिनिटाला ७८ फेरे), म्हणजे एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, पसरायला जागाच नाही, तरी घाई कुठेच नाही राव! 'चैन'वर तो बारीक आवाज असा हळूच वळतो की मागची खरखर पण सुरात वाटायला लागते. (यूट्यूबवर जुन्या तबकड्यांची पट्टी मात्र धरून बसू नका, कॉपी करताना स्पीड जरा इकडंतिकडं झाला की सूरच चढतो नाहीतर उतरतो.)

अण्णा तेच ऐसपैस गातात, आवाज पार छातीतून, एकेक शब्द फिरून फिरून. लहानपणी खाँसाहेबांची हीच तबकडी ऐकून ते गाण्याच्या नादाला लागले म्हणतात.

आमच्या काकांचं मत ठाम, अण्णांचीच भारी. मी खाँसाहेबांच्या पार्टीत. १९३७ ला गेले, पण मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला गवई अजून त्यांच्यासाठी गातात, सांगलीकरांनो, एकदा रात्र काढा तिथं. तुम्ही कुणाच्या बाजूनं?