रेसट्रॅकचा रस्ता आणि भाड्याची गाडी: डेथ व्हॅलीला जाणाऱ्यांसाठी

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानातील रेसट्रॅक या, सरकणाऱ्या दगडांसाठी प्रसिद्ध असलेल्या कोरड्या तळ्याकडे जाणारा कच्चा रस्ता ‘जमिनीपासून उंच असलेली कोणतीही गाडी सहज पार करते’, असे आम्हा दोघांना लास व्हेगसमध्ये गाडी भाड्याने देणाऱ्याने छातीठोकपणे सांगितले होते. हे विधान सपशेल चुकीचे आहे. त्या रस्त्यावर गाडीच्या उंचीपेक्षा टायर महत्त्वाचे ठरतात, आणि भाड्याच्या गाडीचे टायर नेमके तिथेच दगा देतात.

नेहमीच्या भाडेकरारात कच्च्या रस्त्यांना बहुधा मनाई असते, म्हणून आम्ही मुद्दाम जास्त पैसे मोजून कच्च्या रस्त्यांसाठी म्हणून दिली जाणारी चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी (फोर-व्हील ड्राइव्ह) गाडी घेतली होती. उद्यानाबाहेरच्या पॅरम्प या गावात टाकी पूर्ण भरून आम्ही उद्यानात शिरलो. हे प्रत्येकाने करावे, कारण उद्यानातल्या फर्नेस क्रीक या वस्तीच्या पंपावरील दर पाहून आम्ही थक्क झालो. नेवाडातून येणाऱ्याने पॅरम्पला किंवा बीटीला इंधन भरले, तर तेवढे पैसे सहज वाचतात. उद्यानाचे प्रवेशशुल्क रोखीने घेतले जात नाही, तेव्हा कार्ड जवळ हवेच.

युबेहेबे ज्वालामुखी विवरापाशी डांबर संपते आणि तिथून रेसट्रॅकपर्यंत २७ मैल, म्हणजे सुमारे ४३ किलोमीटर, कच्चा रस्ता आहे. सुरुवातीपासूनच तो नालीदार पत्र्यासारखा आहे. हळू चालवले तर हाडे खिळखिळी होतात, आणि वेग वाढवला तर त्या नाल्यांमध्ये दडलेले धारदार दगड टायरच्या कडेला कापतात. चालकाने या दोन्हींच्या मधला वेग शोधून तो तासन्‌तास टिकवायचा असतो. आमचे एका बाजूचे अंतर कापायला दोन तासांहून अधिक वेळ गेला. सुमारे २० मैलांवर टीकेटल जंक्शन लागते, जिथे येणारे-जाणारे फलकाला किटल्या टांगून ठेवतात. तिथे खाली उतरून चारही टायर हाताने चाचपून पाहावेत आणि एकाचीही कड कापलेली दिसली, तर परत फिरावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमचा टायर परतीच्या वाटेवर फुटला. छिद्र कडेला असल्यामुळे ते बुजवण्याचा प्रश्नच नव्हता. अतिरिक्त चाक सुदैवाने पूर्ण आकाराचे होते, परंतु त्याची नक्षी जवळजवळ झिजलेली होती, आणि सैल खडीत जॅक रुतू लागल्याने त्याखाली सपाट दगड शोधून घालण्यात आमचा बराच वेळ गेला. मोबाईलला तिथे संकेत मिळत नाही. गाडी ओढून नेणारे वाहन बोलवावे लागले असते, तर त्याचा खर्च हजार डॉलरच्या पुढे सहज जातो. त्या झिजलेल्या चाकावर उरलेले मैल आम्ही दोघांनी आळीपाळीने, जवळजवळ चालण्याच्या गतीने पार केले.

गाडी परत केल्यावर आमच्या हातात नव्या टायरचे संपूर्ण बिल देण्यात आले आणि शिवाय गाडी दुरुस्तीसाठी उभी राहील म्हणून वेगळी भरपाई लावण्यात आली. विम्यात टायर समाविष्ट नाहीत, हे कलम करारात बारीक अक्षरांत होते; तोंडी दिलेल्या हमीचा त्या क्षणी काहीही उपयोग झाला नाही. ज्यांना जायचेच आहे, त्यांनी टायरबद्दलचे कलम आधी मोठ्याने वाचून घ्यावे, अतिरिक्त चाकासह पाचही टायरच्या नक्षीची छायाचित्रे गाडी देणाऱ्या माणसासमोरच काढावीत, आणि नक्षी झिजलेली असेल तर गाडी नाकारावी. सोबत जॅकखाली ठेवायला जाड फळी, हवा भरण्याचा पंप, उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे उपकरण आणि माणशी रोज किमान चार लिटर पाणी असावे.

परतताना एवढे भोगावे लागले, तरी त्याआधी तळ्याच्या दक्षिण टोकाशी पोहोचलो, तेव्हा मी भारावून गेले होते, हे मला दडवायचे नाही. सपाट, भेगाळलेल्या चिखलावर दगड आणि त्यांच्यामागे लांबवर गेलेले चर पाहताना, ते दगड कोणीही ओढत नेलेले नाहीत यावर विश्वास बसत नाही. मग ते सरकतात कसे, हा अनेक दशके अनुत्तरित राहिलेला प्रश्न डिसेंबर २०१३ मध्ये संशोधकांनी दगड सरकताना प्रत्यक्ष पाहिल्यावर सुटला: तळ्यात साचलेल्या उथळ पाण्यावर रात्री पातळ बर्फ धरतो, उन्हाने तो फुटतो, आणि हलक्या वाऱ्याने ढकलले जाणारे बर्फाचे विस्तीर्ण पापुद्रे दगडांना मिनिटाला काही मीटर या गतीने सरकवतात. जमीन ओली असताना त्यावर पाऊल ठेवू नये, कारण ठसे वर्षानुवर्षे राहतात. आम्ही गेलो तेव्हाही कोणाच्या तरी बुटांचे ठसे चरांना छेदून गेलेले दिसले आणि मन अतिशय खट्टू झाले.

बाकीच्या उद्यानाबद्दल लिहिण्यासारखे फार नाही, कारण ते सारे सोपे आहे. समुद्रसपाटीखाली ८६ मीटरवरचे बॅडवॉटर, झब्रिस्की पॉइंट, डान्टेज व्ह्यू ही ठिकाणे डांबरी रस्त्याला लागून आहेत आणि साध्या गाडीने होतात. पुढे जोशुआ ट्री उद्यानातही आमचे दिवस सुखात गेले. तिथे आत पेट्रोल व खाद्यपदार्थ मिळत नाहीत, एवढे ध्यानात ठेवावे.

रेसट्रॅकसाठी थंडीचे महिने निवडावेत आणि पूर्ण दिवस राखून पहाटेच निघावे, म्हणजे चाक बदलण्याची वेळ आलीच, तर ती उजेडात येईल. आदल्या दिवसांत पाऊस झाला असल्यास पर्यटक केंद्रात रस्त्याची स्थिती विचारल्याशिवाय जाऊ नये. भरवशाचे टायर नसतील, तर युबेहेबेच्या विवराच्या काठावर फिरावे आणि तिथूनच मागे वळावे.