माझा अनुभव : आमच्या घरच्या रोडग्यांची पंगत

हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत अनेक वर्षे आचाऱ्याचे काम केल्यानंतर, आमच्या घरचे जेवण बाहेरच्या लोकांना एकदा तरी आमच्या शेतात पंगत बसवून खाऊ घालावे अशी माझी फार इच्छा होती, आणि ती गेल्या हिवाळ्यात वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील आमच्या गावी पूर्ण झाली. पाहुणे सुमारे 80 होते. निम्मे नागपूर-वर्ध्याकडचे आणि निम्मे गावातलेच. गावकऱ्यांना केवळ वाढण्यासाठी न बोलावता त्यांनीही त्याच रांगेत पानावर बसावे, ही अट काकाजींनी पहिल्याच बोलण्यात घातली आणि मला ती मनापासून पटली.

काय रांधायचे हे ठरवताना घराचा इतिहासच डोळ्यांसमोर होता. वडिलांकडचे लोक कापूस, तूर आणि ज्वारीच्या काळ्या जमिनीत वाढलेले. आई वैनगंगेकाठच्या भंडारा जिल्ह्यातली, जिथे भाताशिवाय जेवण पुरे होत नाही. म्हणून वडिलांकडचे रोडगे, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे थरदार गोळे, तुरीचे वरण व वांग्याची भाजी आणि आईकडचा वडाभात व कढी असे पान ठरले. वडे लाखोळीच्या, म्हणजे लाख नावाच्या कडधान्याच्या, डाळीचे करावेत असा आईचा आग्रह होता. दुष्काळात महिनोन्महिने केवळ लाखोळीवर गुजराण करणाऱ्यांचे पाय लुळे पडत, आणि त्यामुळे 1961 साली तिच्या विक्रीवर बंदी आली होती, हे मला माहीत असल्याने मी आधी साशंक होतो. परंतु डाळ रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्यायचे आणि पुन्हा धुऊन मगच वाटायची, ही आईच्या माहेरची रीत आहे, आणि डाळीतील अपायकारक अंश बऱ्याच प्रमाणात पाण्यात उतरत असल्याने ती रीत शास्त्राच्या दृष्टीनेही योग्य आहे. त्यातही निम्मी हरभऱ्याची डाळ मिसळून आम्ही वडे केले, आणि ज्यांना लाखोळी नको त्यांना तसे आधीच विचारून घेतले.

हळद शोधायला लांब जावे लागले नाही, कारण वायगाव आमच्याच तालुक्यात आहे आणि तेथील हळदीला 2016 पासून भौगोलिक मानांकन आहे. मिरची भिवापूरची आणली. बाजारच्या तयार तिखटाला माझ्या काकूंनी हात लावू दिला नाही. मिरच्या उन्हात कडक वाळवून, देठ खुडून त्यांनी घरीच कुटून घेतल्या.

सर्वांत जास्त वेळ रोडग्यांत गेला, आणि मला सर्वांत जास्त शिकवलेही त्यांनीच. गहू जाडसर दळून आणावे लागतात. माणशी साधारण 200 ग्रॅम पीठ धरले. ओवा, मीठ आणि तेलाचे मोहन घालून कणीक घट्ट मळायची, छोटी पुरी लाटून तिला तेल लावून गोळा करायचा, तो दुसऱ्या तेल लावलेल्या पुरीत गुंडाळायचा आणि वरून पुन्हा तिसरी, अशा थरांनी एक रोडगा होतो. काकाजींनी बांधावर गोवऱ्यांचा लांब हार रचून पेटवला आणि आम्ही घाई करू लागलो तेव्हा थांबवले : “आधी आर होऊ दे बापू, जाळावर टाकला तं वरतून जयते अन् अंदर कच्चा रायते.” ज्वाळा पूर्ण बसल्यावर, लालभडक निखारा उरला तेव्हाच रोडगे त्यात ठेवले, सर्व बाजूंनी फिरवले आणि मग गरम राखेत पुरले. भाजला की रोडग्यावर बोटाने टिचकी मारल्यास पोकळ आवाज येतो. त्याला चीर पडून आतले थर दिसू लागतात. माझ्या हॉटेलातल्या भट्टीत तापमान अंशांत मोजता येते, पण या कामात काकाजींच्या कानाइतके अचूक साधन मला दुसरे सापडले नाही.

भाजी गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, बाहेरच शिजली : वांगी, बटाटे आणि त्या दिवसांत शेतात असलेले ओल्या तुरीचे दाणे, वरून भरपूर सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. तर्री जास्त ठेवली नाही, कारण रोडग्याबरोबर रस्सा दाट लागतो.

रोडगा निघाल्याबरोबर खाल्ला पाहिजे, त्यामुळे पंगत घड्याळावर न बसवता आरावर बसवली. पळसाच्या पत्रावळी मांडल्या, लोणचे, ठेचा आणि भाजी वाढून झाली, तेव्हा पोत्यावर घोळून राख झाडलेले रोडगे आले. ते हाताने फोडून त्यांवर तूप ओतले, मग वरण. वडाभात शेवटी : गरम भातावर वडे कुस्करून हिंग-मोहरीच्या फोडणीचे तेल, बाजूला द्रोणात कढी. “पुंडलिक वरदा” झाल्यावर पहिला घास घेतला गेला. मी वेगवेगळ्या ताटल्यांत मांडणी करावी असे काही मित्रांनी सुचवले होते. परंतु रोडगा फोडताना शेजाऱ्याला “तूप घ्या ना” म्हणणे हा या जेवणाचाच भाग आहे, आणि तो काढून टाकल्यास पदार्थ राहिले तरी जेवण राहिले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

खर्च पाहुण्यांच्या वर्गणीतून निघाला. रांधणाऱ्या सर्व बायकांना मी मजुरी दिली, जी त्या आधी घ्यायलाच तयार नव्हत्या. आईच्या आणि काकूंच्या हाताची प्रमाणे आता वजनात लिहून ठेवायला घेतली आहेत. कढीचे प्रमाण अजून जुळायचे आहे, कारण आई ताक किती आंबट आहे ते चाखून बेसन ठरवते.