ओकच्या खोडातलं बळद

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेहून माउंट हॅमिल्टनच्या रस्त्याला लागलं की वळणं संपता संपत नाहीत. आत्याला गाडी लागते हे मी साफ विसरले होते. चौथ्या वळणावर तिने पर्समधून आवळासुपारी काढली, ती थेट जोसेफ ग्रँट पार्क येईपर्यंत चघळत होती.

ऑक्टोबर होता. टेकड्यांवरचं गवत वाळून पिवळं पडलेलं, मधूनमधून व्हॅली ओकची ऐसपैस झाडं. मला बघायचा होता एकॉर्न वुडपेकर, म्हणजे ओकची फळं साठवणारा सुतार पक्षी. पाऊण तास दुर्बीण भलत्याच झाडांवर रोखून मान अवघडली. पत्ता लागला तो आवाजावरून. 'वाका-वाका-वाका', मग दुसरा, मग चार-पाच एकदम. आपल्याकडचा सोनपाठी सुतार एकटा-दुकटा खोडाला बिलगून वर सरकत असतो. इथे चाळीतल्या नळावर व्हावा तसा कालवा!

झाड अर्धं वठलेलं. खोडाला खालपासून वरपर्यंत भोकं आणि भोकाभोकात एकेक एकॉर्न ठोकून बसवलेलं. अशा एका जुन्या झाडात पन्नास हजारांपर्यंत भोकं असू शकतात. पिढ्यान् पिढ्या तेच कोठार वापरतात, वाढवत नेतात. जाड साल किंवा मेलेलं लाकूड कोरतात, त्यामुळे झाडाला फारसा त्रास नाही. टेलिफोनचे खांब चालतात, लाकडी घरंही चालतात. घरमालकांचं मत वेगळं असतं, ते सोडा.

"अगं, हे तर बळद!" आत्या म्हणाली.

तेवढ्यात एक समोरच, वीसेक फुटांवर येऊन बसली. मादी. लाल टोपी आणि पांढरं कपाळ यांच्यामध्ये काळी पट्टी होती, त्यावरून कळलं. डोळा चुन्यासारखा पांढरा, मधे काळा ठिपका. चोचीतलं एकॉर्न तिने एका भोकात घालून पाहिलं, सैल. दुसऱ्यात जाईना. तिसऱ्यात टोक आत सारून ठोकलं, मान तिरकी करून पाहिलं, वर आणखी दोन टोले. खारी आणि 'जे' नावाचे पक्षी टपलेले असतात, म्हणून इतकं घट्ट. पण फळ वाळलं की आक्रसतं, मग काढून लहान भोकात हलवायचं. हे काम संपतच नाही.

कार्मेल व्हॅलीतल्या हेस्टिंग्ज अभ्यासकेंद्रात 1968पासून या पक्ष्यांचा अभ्यास झाला. एकत्र कुटुंब, मोठी भावंडं धाकट्यांना भरवतात, हे सगळं मी आत्याला कौतुकाने सांगितलं. मग हेही सांगितलं की कधी कधी दोघी बहिणी एकाच ढोलीत अंडी घालतात, आणि जी आधी घालते तिचं अंडं दुसरी बाहेर काढून टाकते.

"सामायिक स्वयंपाकघर म्हटलं की हे आलंच," आत्या म्हणाली. दुर्बीण एव्हाना तिच्याकडे गेली होती. मादी नवं एकॉर्न घेऊन परतली, पुन्हा भोकं चाचपू लागली.

"वरचं रिकामं आहे बघ, डावीकडचं," आत्या तिला सांगत होती.