जिन

आज आबांसोबत कापूस घेऊन धरणगावला जिनात गेलो. ट्रॅक्टर रांगेत उभा असताना लेकीनं विचारलं, "आबा, जिन म्हणजे काय?" आबा म्हणाले, "जठे सरकी न् रुई येगयी व्हस ते." म्हणजे, जिथे सरकी आणि रुई वेगळी होते ते. याहून नेमका अर्थ मी तरी कुठे वाचलेला नाही.

तरी घरी येऊन डिक्शनरी उघडलीच. जिन हे 'एंजिन'चंच छाटलेलं रूप! त्याच्या मुळाशी लॅटिन 'इन्जेनियम', म्हणजे उपजत बुद्धी. मध्ययुगीन इंग्रजीत एंजिन म्हणजे चातुर्य, युक्तीसुद्धा. अमेरिकन संशोधक एली व्हिटनीला कॉटन जिनचं, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्राचं, पेटंट १७९४ साली मिळालं. आणि हा शब्द खान्देशात इतका मुरलाय की तो इंग्रजी आहे हे आबांना पटेचना.

"आपलाच शे तो," म्हणाले. मिशीला रुईचा तंतू अजून चिकटलेला होता.