उभ्याने खाल्लेले लिस्बन

माझ्या घरच्या ओव्हनमधून बाहेर पडणारा प्रत्येक पदार्थ गेली कित्येक वर्षे फिकट असतो. कडा जरा तांबूस होऊ लागल्या की माझा जीव खालीवर होतो आणि अजून पाच मिनिटे ठेवायला हवे हे कळत असूनही मी ट्रे बाहेर काढते. त्यामुळे लिस्बनमधल्या पहिल्याच सकाळी, हॉटेलजवळच्या पश्तेलरियात, म्हणजे तिथल्या बेकरी आणि कॉफीच्या जोडदुकानात, काचेआड मांडलेल्या पश्तेल द नातांची रांग पाहून मला वाटले की आज यांची भट्टी बिघडलेली दिसते. तळहातात मावेल एवढ्या, पापुद्र्याच्या वाटीत पिवळे कस्टर्ड भरलेल्या त्या प्रत्येक टार्टवर काळे डाग होते. काहींवर तर पार कोळशासारखे. मी त्यातल्या त्यात उजळ दिसणाऱ्या एकीकडे बोट दाखवले. काउंटरमागच्या बाईंनी माझ्या बोटाकडे पाहिले, मान हलवली आणि शेजारची, सर्वांत काळी, उचलून बशीत ठेवली.

"त्यांचं त्यांना कळतं, अगं. खा मुकाट्याने," आत्या म्हणाली.

सोबत ॲल्युमिनियमच्या दोन लहान डब्या आल्या. एकीत दालचिनीची पूड होती, दुसरीत पिठीसाखर. चावा घेतल्याबरोबर वाटीची कड काचेसारखी फुटली आणि तिचे बारीक तुकडे आत्याच्या स्वेटरवर उडाले. आतले कस्टर्ड अजून गरम होते आणि नुकते कुठे धरलेले, त्यामुळे ते चमच्याने कापण्याजोगे नव्हते आणि ओघळतही नव्हते. ते इतके गोड होते की एरवी दुसऱ्या घासाला कंटाळा आला असता, पण त्याच क्षणी तो काळा डाग जिभेवर आला आणि जळक्या साखरेच्या कडवटपणाने सगळा गोडवा जागच्या जागी रोखून धरला. ज्याला मी आयुष्यभर करपणे म्हणत आले, ते इथे चवीचे अर्धे काम करत होते.

मग आम्ही रोज सकाळी तिथे उभ्यानेच न्याहारी करू लागलो. लिस्बनमध्ये काउंटरला टेकून खाणे हा कमीपणा मानत नाहीत. ऑफिसला निघालेली माणसे आत येतात, बीका मागतात, म्हणजे आपल्या नेहमीच्या कपाच्या तळाला लागेल एवढीशी कडक कॉफी, ती तीन घोटांत संपवतात, एखादी पेस्ट्री खातात आणि चालू लागतात. पुष्कळ ठिकाणी तेच पदार्थ बाहेर मांडलेल्या टेबलावर बसून घेतले तर महाग पडतात, तेव्हा उभे राहण्यात वेळेबरोबर पैसेही वाचतात. बीका हा शब्द मात्र लिस्बनचा आहे. उत्तरेला पोर्तु शहरात याच कॉफीला सिंबालिनु म्हणतात. आत्याला हे कडू प्रकरण मानवेना, म्हणून तिने उंच काचेच्या ग्लासातून येणारी, भरपूर दुधाची गालाँव शोधून काढली आणि शेवटच्या दिवसापर्यंत तिच्यावरून ढळली नाही.

भाषा येत नव्हती, तरी आमचे फारसे अडले नाही, आणि याचे कारण मजेशीर आहे. भाजलेल्या गोळ्यांच्या टोपल्यांकडे बोट दाखवून गिऱ्हाईक जो शब्द उच्चारत होते, तो नाकात म्हटलेला "पाँव" होता. दुपारच्या फलकावर "बताता" होते, हॉटेलच्या स्वागतकक्षात किल्लीला "शाव्ह" म्हणत होते, बिल द्यायचे तर क्रियापद "पगार" आणि सुकामेव्याच्या दुकानात "काजू" तर जसेच्या तसे. पाव, बटाटा, चावी, पगार, काजू हे शब्द पोर्तुगिजांकडून मराठीत आले हे शाळेत पाठ केले होते, पण ते शब्द त्यांच्या मूळ घरी कामाला जाताना पाहणे निराळे होते. आत्या दुसऱ्या दिवसापासून काउंटरवर ठणकावून "पाव" म्हणू लागली आणि दर वेळी तिला पाव मिळाला, नाकातला उच्चार असो वा नसो.

त्यातला रोजचा पाव म्हणजे पापु-सेकु, मधोमध चीर असलेला, वरून कुरकुरीत आणि आतून पोकळ वाटावा इतका हलका. त्यात लसूण आणि वाइनच्या रश्शात शिजवलेले डुकराच्या मांसाचे पातळ काप घातले की बिफाना होतो. वर मोहरीची चटणी ओतायची आणि रश्शाचे थेंब मनगटावरून ओघळू द्यायचे. मी दोन खाल्ले. आत्या मांस खात नाही, म्हणून तिने जाड कापलेल्या, लोण्याने निथळणाऱ्या टोस्टवर, तिथल्या तोराडावर, समाधान मानले आणि नंतर कबूल केले की तेच जास्त चांगले होते.

बसून जेवायला गेलो तिथे मात्र आम्ही फसलो. एका रात्री, ठिकाण कोणते ते सांगत नाही, टेबलावर बसताक्षणी वेटरने पाव, ऑलिव्ह, चीजचा लहानसा गोळा आणि सार्डिनच्या वाटणाची डबी आणून ठेवली. आम्ही याला पाहुणचार समजून मेन्यू वाचता वाचता सगळे फस्त केले. बिलात प्रत्येक वस्तूची वेगळी ओळ होती. याला तिथे कुव्हेर म्हणतात आणि न मागता आणलेल्या पदार्थाला हात लावला नाही तर त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत, हा नियम आम्हाला दुसऱ्या दिवशी कळला. नको असेल तर आल्या आल्या परत न्यायला सांगायचे, एवढेच. पुढच्या जेवणाला आत्याने ऑलिव्हची बशी टेबलाच्या अगदी कडेला सरकवून ठेवली आणि जेवण संपेपर्यंत तिच्याकडे संशयाने पाहत राहिली.

लिस्बनच्याच बेलेम भागात आम्ही 15 नंबरच्या ट्रॅमने गेलो. तिथे पर्यटकांची दोन टोकांची गर्दी असते: एक जेरोनिमोस मठासमोर, दुसरी तिथून चार पावलांवर निळ्या छतपट्टीच्या टार्टच्या दुकानासमोर. या दोन गर्द्यांचे मूळ एकच आहे. जुन्या पोर्तुगीज मठांमध्ये अंड्याचा पांढरा भाग वस्त्रांना खळ करण्यासाठी आणि वाइन निवळण्यासाठी वापरला जाई आणि उरलेल्या बलकांचे करायचे काय म्हणून तिथल्या गोड पदार्थांचा जन्म झाला, असे सांगतात. 15 व्या शतकापासून मदेइरा बेटावरून साखर येऊ लागल्याने बलकाला जोडीदार मिळाला. यातल्या काही पदार्थांची नावे ऐकून आत्या दुकानातच हसायला लागली: "जोगिणीचे पोट", "स्वर्गातली चरबी", "देवदूताची हनुवटी". बलक आणि साखर यांच्या प्रमाणात थोडाफार फरक करून इतके प्रकार करावेत आणि नावे ठेवताना मठाचा मुलाहिजाही ठेवू नये, हे मला फार आवडले.

1820 च्या उदारमतवादी क्रांतीनंतर मठांचे दिवस फिरले आणि 1834 मध्ये ते बंद करण्यात आले. जेरोनिमोसमधल्या कोणीतरी पोटासाठी हे टार्ट जवळच्या, साखर कारखान्याला लागून असलेल्या दुकानात विकायला ठेवले आणि 1837 पासून तिथे त्यांचे रीतसर उत्पादन सुरू झाले. मूळ कृती आजही मोजक्या कारागिरांनाच ठाऊक असते आणि ते बंद खोलीत मिश्रण तयार करतात. पश्तेल द बेलेम हे नावही त्या एका दुकानापुरतेच. बाकी सगळीकडे त्याच धर्तीचा जो टार्ट मिळतो तो पश्तेल द नाता. रस्त्यावरची रांग घरी न्यायच्या खोक्यांसाठी आहे हे आम्हाला अर्धा तास उभे राहिल्यावर उमगले. आत निळ्या टाइल्सनी मढवलेल्या खोल्यांमागून खोल्या होत्या आणि तिथे बसायला जागा होती. खरे सांगायचे तर तिथली वाटी अधिक कुरकुरीत आणि खारट होती, पण कस्टर्ड मला आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानाचे जास्त आवडले. असे लिहिणे तिकडे धाडसाचे ठरेल. मठही पाहिला. चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे आणि दगडात दोरखंडांचे पीळ कोरलेले आहेत, पण तोवर आत्याचे पाय बोलू लागले होते.

या प्रवासातली सर्वांत चांगली दुपार आम्ही एका लहानशा स्वयंपाकघरात घालवली, जिथे आठ जणांना नाता शिकवतात. कणीक मळून, तिच्यावर मऊ लोणी फासून, घड्या घालून ती लाटायची, हे दोनदा झाल्यावर तिसऱ्या वेळी लोणी फासलेल्या पोळीची घट्ट गुंडाळी करायची. ती गार झाली की दोन बोटे जाडीच्या चकत्या कापायच्या. चकती साच्यात आडवी ठेवायची, म्हणजे तिचे वळसे वर दिसले पाहिजेत, आणि मग अंगठा गार पाण्यात बुडवून मधोमध दाबत दाबत कणीक कडेपर्यंत चढवायची. तळ पातळ आणि कड थोडी जाड. मी लाटणे घेऊन चकती लाटायला गेले तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी ते काढून घेतले. लाटल्याने थर एकमेकांत दबतात आणि भाजताना सुटे होत नाहीत. भाजून निघालेला टार्ट उपडा केला की तळाशी गोगलगायीच्या शंखासारखे वळसे दिसतात. ते दिसले नाहीत तर कणीक विकतची आणून नुसती साच्यात पसरली आहे असे समजावे, हे त्यांनी हसत सांगितले.

कस्टर्डला साखरेचा पाक लागतो. दालचिनीचा तुकडा आणि लिंबाची साल घालून पाक उकळत होता आणि बाई थर्मामीटर शोधत होत्या. आत्याने चमच्याच्या टोकावरचा थेंब निववला, अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून बोटे लांबवली आणि म्हणाली, "एकतारी आलाय, उतरवा." मी भाषांतर करायच्या आतच बाईंनी ती बोटांची हालचाल पाहून आनंदाने "पोंतु द फियु!" असे म्हटले. त्याचा अर्थ शब्दशः तारेचा टप्पा. त्यांच्याकडेही पाकाच्या अवस्थांना नावे आहेत. तारेच्या पुढे मोत्याचा टप्पा येतो आणि त्याहून घट्ट, चमचा फिरवल्यावर भांड्याचा तळ वाट फुटल्यासारखा दिसतो तो रस्त्याचा टप्पा. पुढचे दहा मिनिटे त्या दोघी एकमेकींची भाषा न येता पाकावर बोलत होत्या आणि आम्ही बाकीचे सात जण गप्प राहून चुलीची आच सांभाळत होतो.

हा पाक दूध आणि मैद्याच्या गरम मिश्रणात ओतायचा आणि थोडे निवल्यावर बलक घालायचे. मैद्यातला स्टार्च बलकाला आधार देतो, नाहीतर इतक्या आचेवर बलकाचा रवा झाला असता. सगळी गोम आचेतच आहे. व्यावसायिक भट्टी घरगुती ओव्हनच्या खूप वर तापते, त्यामुळे कणीक काही मिनिटांत कुरकुरीत होते, वरची साखर डाग पडण्याइतकी भाजते आणि तोवर आतले कस्टर्ड जेमतेम धरते. कमी आचेवर जास्त वेळ ठेवले तर याचे नेमके उलटे होते: कस्टर्ड आळून कडक होते, वाटी तेलकट राहते आणि वरून टार्ट माझ्या केकसारखा फिकट दिसतो.

जवळच्या सिंत्रा गावाबद्दल फार लिहीत नाही. लिस्बनच्या रोसियु स्थानकावरून सुमारे 40 मिनिटांत गाडी पोहोचते, टेकडीवर पेनाचा पिवळा-तांबडा राजवाडा आहे आणि त्या दिवशी तो धुक्यात पूर्ण बुडाला होता. ताज्या चीजची, दालचिनीची केइजादा खाल्ली आणि बदामाच्या सारणाचा, उशीच्या आकाराचा त्रावेसेइरु खाल्ला. दोन्ही गरम होते आणि धुक्यात ते हातात धरायला बरे वाटले.

परत आल्यावर मी सलग तीन रविवार नाता केले. माझा ओव्हन 250 अंशांच्या पुढे जात नाही. पहिल्या वेळी सिलिकॉनचे साचे वापरले आणि वाट्या ओल्या निघाल्या, कारण सिलिकॉनमधून उष्णता कणकेपर्यंत लवकर पोहोचत नाही. दुसऱ्या वेळी पातळ पत्र्याचे साचे घेतले, पण कस्टर्ड काठोकाठ भरल्यामुळे ते उतू जाऊन साच्यांना चिकटले. पाऊण वाटीच भरायची हे मला सांगितलेले होते. तिसऱ्या वेळी जाड लोखंडी तवा अर्धा तास आधी वरच्या कप्प्यात तापत ठेवला आणि साच्यांचा ट्रे त्याच्यावर सरकवला. बारा मिनिटांनी कडा तांबूस झाल्या. एका टार्टवर दोन ठिपके उमटले होते, करडे, जेमतेम दिसतील असे. बाकीचे अकरा कोरे होते, आणि माझा हात सवयीने ओव्हनच्या दाराकडे गेला.

आत्या त्या दिवशी जेवायला आली होती. तिने काचेतून आत डोकावून पाहिले आणि दार उघडू दिले नाही. "अजून कच्चे आहेत," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून ओव्हनसमोरच बसली. मी वरचा ग्रिल लावला. पहिला फुगवटा फुटून काळा पडला तेव्हा स्वयंपाकघरात जळक्या साखरेचा वास भरला आणि मी तीनदा उठले, तीनदा बसले.